नऊ वर्षांनी मासा

नऊ वर्षांपूर्वी घड्याळवाल्याने बायकोच्या ताटात माशाचा तुकडा वाढला आणि म्हणाला, "काटे काढलेत सगळे. खा बिनधास्त." तिने खाल्ला. अर्ध्या तासात ती दवाखान्यात होती. नर्स म्हणून जिथे ती रोज दुसऱ्यांच्या घशात बॅटरी मारून बघायची, तिथेच आ वासून बसली होती. डॉक्टरांनी काटा काढून तिच्या तळहातावर ठेवला. बाकीच्या नर्स पोट धरून हसल्या. ती नाही हसली.

तेव्हापासून घरात मासा शिजला नाही. भांडणबिंडण काही नाही. फक्त तो "दार लावलंय गं" म्हणाला, तरी ती उठून कडी बघून यायची.

मासा मात्र तिच्या जिवाचा. परवा बाजारात मासेवालीच्या टोपलीपाशी तिची पावलं रेंगाळली, ती त्याने पाहिली, आणि ते त्याच्या मनातून जाईना.

आज त्याने दुकान दुपारीच बंद केलं.

"काय घड्याळवाले, वाट चुकलात?" मासेवाली म्हणाली.

"दोन तुकडे द्या. कमी काट्यांचे."

"बिनकाट्याचा कोबी मिळतो. पलीकडच्या गाळ्यावर."

घरी येऊन त्याने कोथिंबीर, पुदिना, लसूण वाटला, लिंबू पिळलं, तेल, मीठ, मिरपूड घालून तुकड्यांना चोळलं. अर्धा तास मुरवायचं, की झालं. पण मग त्याने दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं, बारीक चिमटा घेतला आणि तिचा तुकडा पुढ्यात ओढला.

काटा धरायचा, हळूच ओढायचा, पांढऱ्या फडक्यावर ठेवायचा. केसाएवढासुद्धा सोडायचा नाही. भिंगाला हिरवं लागलं की पुसायचं, पुन्हा वाकायचं. दोन तास कसे गेले कळलं नाही. तेवढ्या वेळात लिंबू आपलं काम करत होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तव्यावर त्याचा तुकडा झकास उलटला. तिच्या तुकड्याला कालथा लागला मात्र, भुगाच झाला. नेमकी तेव्हाच दारात किल्ली वाजली.

"पुदिन्याचा वास कसला?" ती आत आली आणि टेबलापाशी थबकली. "हे काय मांडलंय?"

"काटे. तुझ्या तुकड्यातले."

ती वाकली. उघडलेल्या घड्याळाचे स्क्रू ठेवावेत तसे सगळे ओळीने लावलेले.

"परत बसवायचेत की काय?"

"सवय गं."

"आणि मासा?"

त्याने कालथ्याने तवा दाखवला. "मोडला. लिंबात फार वेळ राहिला, त्यात चिमट्याने पोखरलेला. राहू दे, तुला भाजी करतो."

'काटे नाहीत, खा' हे शब्द त्याच्या तोंडून निघेनात.

तिने हात धुतले आणि तो भुगा ताटलीत काढून घेतला. नस शोधावी तशी एकेक पाकळी बोटांनी दाबून पाहिली. एवढ्या भुग्यात काट्याला लपायला जागा कुठली. तिने घास घेतला, कितीतरी वेळ चावला. तो कालथा धरून उभा.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

दुसरा घासही तिने तसाच चाचपला. तिसरा जरा घाईत. मग गोळ्या उशीखाली लपवून 'घेतल्या' म्हणणाऱ्या एका आजोबांची गोष्ट तिने सुरू केली, आणि त्या भरात चौथा घास सरळ तोंडात गेला. त्याने तो पाहिला. कालथा खाली ठेवला आणि तो तिच्यासमोर बसला.

"तुमच्या तुकड्यातले काढलेत का?" तिने विचारलं.

"तुझेच काढता काढता सहा वाजले."

"आणा इकडे."

आजोबांची गोष्ट पुरी करता करता तिने त्याचा तुकडा सोलला, निघालेले काटे फडक्यावरच्या ओळीच्या शेवटी लावले आणि ताटली परत सरकवली.

"खा बिनधास्त."

त्याने घास घेतला. गिळण्याआधी जिभेने एकदा चाचपलाच.

"बघितलं हं मी," ती म्हणाली आणि उरलेला भुगा स्वतःच्या ताटलीत ओढून घेतला.