चिकट राहिलेला कान

तिसरा कानही चिकटच निघाला. शाहीनने साचा उघडून बोट लावलं, तर सिलिकॉनची तार बोटाबरोबर वर आली.

शाहीन चिंचवडच्या एका खोलीत अपघातात गेलेली बोटं, नाकं, कान सिलिकॉनचे बनवून द्यायची. हा कान ज्योतीरामसाठी होता. तो लातूरकडचा, चाकणच्या कंपनीत वेल्डर. गेल्या वर्षी भाजला, त्यात त्याचा उजवा कान गेला. आता चष्म्याची काडी टेकायला जागा नव्हती, म्हणून तो चष्मा नाडीनं डोक्याला बांधायचा.

“ताई, ही तिसरी सुट्टी,” तो साच्याकडे बघत म्हणाला. “सुपरवायझर आता इचारतोय, कान हाय का नवरी हाय?”

शाहीनला हसू आलं नाही. तिनं सिलिकॉनचा डबा बदलला होता, त्याचे दोन्ही भाग वजन करून मिसळले होते, साचा दोनदा धुतला होता. विक्रेत्याला फोन केला, तर “माल एकदम चांगला आहे मॅडम” एवढंच त्याचं उत्तर. नीट काही सांगणारं कुणी नव्हतं.

तिचा ओव्हन महिन्यापूर्वी जळाला होता. म्हणून भरलेला साचा घेऊन ती चिखलीला, दीर अनिसच्या वर्कशॉपमध्ये जायची. तिथे गाड्यांचे रबरी बुश ओव्हनमध्ये पक्के करत.

त्या दिवशी चिडूनच तिनं टेबल आवरायला घेतलं. तिसऱ्या कानाचं उरलेलं मिश्रण कागदी कपात तसंच पडून होतं. तिनं कप फाडला. आतला गोळा स्वच्छ, लवचिक, पूर्ण पक्का. मिश्रण तेच होतं. फक्त तो गोळा चिखलीला गेला नव्हता.

ती तडक वर्कशॉपमध्ये गेली आणि ओव्हनचं दार उघडलं. उग्र वास नाकात गेला.

“अनिस, रबरात गंधक घालतोस ना?”

“त्याशिवाय पक्कं कसं होणार, भाभी? माझ्या ओव्हनला नावं ठेवू नका. रोज पाचशे बुश निघतात, एक परत येत नाही.”

“तुझं रबर गंधकानं पक्कं होतं. माझं सिलिकॉन त्यानंच कच्चं राहतं.”

शाहीनला त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग आला. गंधक नको म्हणून ती साधे रबरी हातमोजेसुद्धा वापरत नव्हती, आणि अख्खा साचाच त्या धुरात ठेवत होती.

चौथा कान तिनं खोलीतच, ओव्हनशिवाय, दोन दिवस राहू दिला. तो छान सुटला. ज्योतीराम आला. तिनं कान त्वचेला चालणाऱ्या गोंदानं चिकटवला, चष्म्याची काडी वर ठेवली. काडी बसली. त्यानं मान हलवून पाहिली, आरशात बराच वेळ बघितलं.

मग तो दारात गेला आणि शाहीनचा चेहरा उतरला. ट्यूबच्या उजेडात जुळलेला रंग उन्हात गुलाबी दिसत होता.

“काढा. दुसरा करते,” ती म्हणाली.

“न्हाई ताई. माझी सेकंड शिफ्ट हाय.” त्यानं कानाला हलकेच हात लावला. “गुलाबी तर गुलाबी. चष्मा बसतोय.”

तो गेला. शाहीननं रंगाच्या बाटल्या उचलल्या आणि खुर्ची बाहेर, उन्हात नेऊन ठेवली.