लोणीचा उपास

लोणी नावाला शोभेल अशीच मांजर होती. जिना चढताना पोट पायरीला घासायचं. हा सगळा लाड दीपाच्या सासूबाईंचा, राजमतीबाईंचा. दुधावरची साय आधी लोणीच्या वाटीत पडायची, मग घरातल्या माणसांच्या. लस टोचायला नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "वजन कमी करा हिचं, पण हळूहळू." त्यातलं 'हळूहळू' घरी येईपर्यंत वाटेतच सांडलं.

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व आलं. राजमतीबाईंनी पाण्यावरचे उपास धरले. ही संधी बरी म्हणून दीपानं साय बंद केली आणि वाटीत कोरडी बिस्किटं टाकली. लोणीनं हुंगलं, तोंड फिरवलं आणि सासूबाईंच्या चटईशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही.

"बघ की गं, माझ्यासंगं हिनंबी धरलाय," राजमतीबाई कौतुकानं म्हणाल्या. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, येणाऱ्याजाणाऱ्या बायका लोणीला बघायला घरी यायला लागल्या. "पुण्यवान जीव हाय." दीपानं दोघींचा फोटो स्टेटसला ठेवला.

मग एका सकाळी आपल्या तान्ह्या बाळाला पाजताना दीपाची नजर लोणीच्या कानावर गेली. उन्हात आतली कातडी हळद लावल्यासारखी पिवळी दिसत होती.

राजारामपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. "जाड मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरवर जाऊन साठते. मग त्याला खावंसंच वाटत नाही. माणसाचं वेगळं, काकू, हिचं वेगळं."

"आता?" दीपानं विचारलं.

"नाकातून नळी घातली आहे. थोडंथोडं पातळ खाणं द्यायचं, दिवसभर. वाचेलच असं मात्र मी म्हणणार नाही."

राजमतीबाईंनी विचारलं, "त्या खाण्यात काय असतंय?"

"मांस असतं. मांजर आहे ते."

त्या बराच वेळ लोणीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "घाल गं दीपा," त्या म्हणाल्या. "माझं मी बघतो."

पारण्याच्या सकाळी घर बायकांनी भरलं. राजमतीबाईंच्या पुढ्यात मुगाच्या कढणाची वाटी ठेवली होती. त्यांनी ती उचललीच नाही. "आधी तिचं हुंदे."

आतल्या खोलीत दीपानं नळीला सिरिंज लावली आणि इंचइंच दट्ट्या सरकवला. बाळाला भरवताना तोंडात येतं तेच आपोआप आलं, "हा घास चिऊचा, हा घास काऊचा." लोणीनं डोळे मिटून घेतले. क्षणभर वाटलं, राहिलं पोटात. मग तिला एक उमासा आला आणि घातलेलं सगळं टॉवेलवर पडलं.

"झालं का गं?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं.

"घ्या की आता राजमतीवैनी," कुणीतरी म्हणालं. "सगळी खोळंबल्यात."

पाळण्यात बाळ भुकेनं कुरकुरायला लागलं. दीपाच्या हातात रिकामी सिरिंज होती. तिनं टॉवेलची घडी उलटी केली, लोणीचं तोंड पुसलं आणि डब्यातलं खाणं पुन्हा पाण्यात कालवायला घेतलं.

"दीपा?"