वायरीत अडकलेला जीव

छापखान्याच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. कामगार, गिऱ्हाइकं, रस्त्यावरून घुसलेले बघे, सगळ्यांचे डोळे एकाच कॉम्प्युटरवर. महिन्यापूर्वी वारलेल्या मुद्रितशोधकाचा तो कॉम्प्युटर. 'स्लीप'ची आज्ञा दिली की पडदा काळा व्हायचा आणि घटकाभरात आपोआप उजळायचा.

"मेल्यावरही काम सुटेना बिचाऱ्याचं," मालक हळहळले.

"जीव वायरीत अडकलाय!" अडकलेल्या आत्म्याला सोडवायला बोलावलेले महाराज गरजले. "वरचं दार उघडेना, पासवर्डच मिळेना त्याला!"

त्यांनी माउस टेबलावरून उचलून मुठीत धरला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि कळ दाबली. पडदा काळा झाला तो काळाच राहिला. "पाहा, माझं ऐकतो!" मग माउस काचेच्या टेबलावर ठेवत ते समोर बसलेल्या त्याच्या विधवेकडे वळले. "पण हिचा मोह सुटत नाही." पडदा भक्कन उजळला. गर्दी शहारली.

"मी सांगितलंच होतं, औषधांनी स्वतःचा जीव धरून ठेवलास बाई, म्हणून त्याचा सुटत नाही."

दारातून तिची नणंद हे ऐकत होती. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून ती आजच गावाहून आली होती. तिनं वहिनीचे सुजलेले पाय पाहिले.

"वहिनी, हृदयाच्या गोळ्या कधीपासून बंद?"

"नऊ दिवस झाले, वन्सं. महाराजांनीच बंद करायला सांगितल्या. सुटू दे त्यांना."

नणंदेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गर्दी रेटून ती कॉम्प्युटरपाशी पोचली. "तुला कुणी उठवलं?" हे यंत्रालाच विचारायची आज्ञा तिला प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरमुळे ठाऊक होती. ती तिनं टाइप केली. उत्तर आलं : माउस.

तिनं माउसखाली जाड पुठ्ठा सरकवला आणि कॉम्प्युटर झोपवला. पाच मिनिटं गेली, तो जागा होईना. पुठ्ठा काढला, लगेच उजळला.

"आता खालचं छपाईयंत्र बंद करा."

यंत्राची धडधड थांबली. तिनं कॉम्प्युटर पुन्हा झोपवला. माउस नुसत्या काचेवर होता, तरी पडदा काळाच राहिला.

"यंत्र धडधडतं, टेबल थरथरतं. काचेवर माउस गोंधळतो, त्याला वाटतं कुणी हलवलं. झालं, कॉम्प्युटर जागा!"

"विज्ञानाला सगळं कळत नाही, ताई," महाराज दाराकडे सरकत म्हणाले.

"नसेल कळत. पण माउस कधी मुठीत धरायचा आणि कधी खाली ठेवायचा, हे तुम्हाला बरोब्बर कळत होतं! मालक, दार लावा. पोलिसांना बोलवा."

"अहो, श्रद्धेचा प्रश्न आहे," मालक चाचरले.

"श्रद्धा तुमची, आणि जीव माझ्या वहिनीचा?"

मालकांनी मान खाली घातली आणि फोन उचलला.

"म्हणजे... ते इथं नव्हतेच?" वहिनीनं हळूच विचारलं.

नणंद तिच्यापाशी खाली बसली. एवढा वेळ चढलेला तिचा आवाज फुटला. "नाही गं वहिनी. दादा गेला." महिन्याभरात पहिल्यांदाच दोघी मोकळेपणी रडल्या. मग रिक्षा करून तडक दवाखान्यात. अजून दोन दिवस गेले असते तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

त्या कचेरीत चाळीस माणसं होती. त्यातली कित्येक दुसऱ्याच्या लिखाणातला काना-मात्रा चुकला तरी पकडणारी. डोळ्यांदेखत एक बाई मरणाकडे ढकलली जात होती, आणि एकालाही तो माउस उचलून बघावासा वाटला नाही. लोकहो, हात जोडायच्या आधी एकदा हात लावून बघा!