सत्तावीस नंबरचा बिल्ला

मुकादमाची पोरगी थंडीला घाबरली असती तर त्याचा फायदा सरळ होता: ती घरी राहिली असती. शिवाय घाबरवल्याचा आळ त्याच्यावर न येता थंडीवर गेला असता. बायकोला त्याने आधीच शब्द देऊन ठेवला होता, "तू बोलू नकोस, मी बघतो." त्या शब्दावर विसंबून तिने महिनाभर तोंड मिटून घेतलं होतं. एरवी तिला हे जमत नसे.

पोरगी सतराची. कॉलेजसाठी शहर निवडायची तिची रीत अशी, की वहीत रेघा मारायच्या आणि फी, खोली, बसभाडं, जेवण असं मांडत जायचं. सात शहरं मांडली. सगळ्यात स्वस्त निघालं ते वर्षातले पाच महिने बर्फाखाली असणारं. आई म्हणाली, चुकलं असेल, पुन्हा बेरीज कर. तिने केली. मग बापाला समजावलं, "बर्फ आहे म्हणून तर स्वस्त आहे, बाबा. उन्हाचे पैसे वेगळे पडतात." इथवर ठीक होतं. पण त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नंतर नोकरीही तिथेच'. मुकादमाने ती ओळ दोनदा वाचली आणि वही पालथी ठेवली.

तो शीतगृहात मुकादम होता. बावीस वर्षं गोठवलेल्या मटारच्या आणि माशांच्या पेट्या रचून घेत होता. आतल्या खोलीत उणे अठरा. नवा माणूस तिथे पंधरा मिनिटांत घरची आठवण काढतो, हे त्याने कितीदा पाहिलं होतं. "आमच्या खोलीत एक तास काढून दाखव," तो पोरीला म्हणाला, "मग फॉर्मवर सही मागायला ये."

"लेखी द्या," ती म्हणाली. हा गुण आईकडून आलेला नव्हता.

त्या खोलीचा एक नियम होता. दाराबाहेर लाकडी फळा, फळ्यावर खिळे. आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर येताना काढून खिशात टाकायचा. चार वाजता कुलूपवाला येई आणि फळा बघे. फळा रिकामा, तर दिवा बंद, दार बंद. आत डोकावायची पद्धत नव्हती. दार उघडलं की थंडी जाते आणि मालक ओरडतो. आतून उघडायला एक दांडा होता खरा, पण त्यावर बर्फ धरलं की तो दोन गड्यांनाही दाद देत नसे. पेट्यांच्या मागे घंटेचं बटणही होतं. ते पोरीला दाखवावं असं मुकादमाला वाटलं नाही. तो तिच्यासोबत आत असणारच होता.

पोरीला बिल्ला कुठला? तिला आत आणायचीच परवानगी नव्हती. साडेतीनला, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, मुकादमाने आपला सत्तावीस नंबर दोघांच्या वतीने खिळ्याला अडकवला. स्वतःचा जाड कोट तिला घातला, टोपी कानांवर ओढली. दहा मिनिटांत अंगणात ट्रकचा भोंगा वाजला. "आलोच, तू चालत राहा," म्हणून तो बाहेर पडला. मान ट्रककडे आणि हात फळ्याकडे. हाताने बावीस वर्षं जे केलं तेच केलं.

ट्रकवाल्याने पेट्यांच्या हिशेबात वाद घातला. मुकादमाने तो वाद जरा जास्तच ताणू दिला, हेही लिहायला हवं. गारठू दे थोडी, असं त्याच्या मनात होतं. वीस मिनिटं जास्त झाली तर उलट बरंच. अखेर पावतीवर सही करायला त्याने पेनासाठी खिशात हात घातला, आणि बोटांना पितळ लागलं.

ट्रकवाला सांगतो की मुकादम पावती तशीच टाकून पळत सुटला. घड्याळात चार वीस.

दाराला कुलूप होतं. त्याने कान लावला. जाड दारातून पंख्यांची घरघर आली, दुसरं काही नाही. त्याने दारावर मुठी मारल्या, हाक मारली. कुलूपवाला गेटबाहेर न्हाव्याच्या खुर्चीत सापडला, अर्ध्या गालाला साबण, किल्ल्या कमरेला.

"फळा रिकामा होता, मुकादम. मी दोनदा पाहिला."

"माझी पोरगी आत आहे."

कुलूपवाला तसाच साबणासकट धावला. किल्ली मुकादमाने त्याच्याकडून ओढून घेतली, आणि ती त्याच्या हातून दोनदा पडली.

दार उघडलं तेव्हा आत काळोख होता आणि पोरगी दाराशी नव्हती. त्या थंडीत माणूस खाली बसला की संपलं, एवढं मुकादमाला ठाऊक होतं. तो प्रत्येक रांगेच्या तळाशी, जमिनीलगत बघत होता. कुलूपवाल्याने दिवा लावला. तेव्हा शेवटच्या रांगेतून पावलं ऐकू आली, एकसारखी, न थांबणारी. एक हात पेट्यांवर घाशीत ती चालत आली, भुवयांवर पांढरी भुकटी, ओठ हलत होते. बापासमोरूनही ती तशीच पुढे गेली. त्याने खांद्याला धरून थांबवली.

"दिवा गेल्यापासून नऊशे चौदा पावलं," ती म्हणाली. मग, "तास झाला का?"

घड्याळात साडेचार वाजले होते.

उबदार खोलीत तिचे हात काखेत धरून तो बसला. तिने विचारलं, "त्या शहरात राहायच्या खोलीला आतून कडी असते ना?" असते, तो म्हणाला. "मग झालं. थंडीचं मला कळलं, बाबा. अंधारात मी फक्त दाराला घाबरले. ते तुमच्या हातात होतं." थोड्या वेळाने तिने वहीतून फॉर्म काढला. "आईला काय सांगायचं?" तिने विचारलं. मुकादमाने तिच्या बोटांकडे न बघता सही केली.

आईला काहीच सांगितलं नाही. ती लोकरीचे मोजे भरताना अजूनही विचारते, "अहो, तुम्ही तर बघतो म्हणाला होता. हो कसं म्हणालात?" मुकादम ट्रंकेचं झाकण लावतो, मग पुन्हा उघडून बघतो.

या पैजेपायी पोरीने डाव्या करंगळीच्या टोकाची जाणीव दिली, ती काही परत आली नाही. कुलूपवाल्याने काहीच दिलं नाही, उलट गप्प बसण्याबद्दल आपल्या चार रविवारच्या पाळ्या मुकादमाकडून करून घेतल्या. मुकादमाने ते रविवार दिले, सही दिली आणि बंद दाराशेजारी लागणारी झोप दिली. पैजेत आई कुठेच नव्हती. पोरगी मात्र तिची गेली, आणि कशापायी, हेही तिला कोणी सांगितलं नाही.