बिनफोडणीचं वरण

तड्!

पळीतला मोहरीचा एक दाणा फुटला. पाच दिवसांपासून ज्या घरात माणसं कुजबुजत बोलत होती, पायसुद्धा जपून टाकत होती, त्या घरात तो एवढासा आवाज भिंतींना धडकून आला. मग दुसरा दाणा फुटला, तिसरा, आणि मग सगळेच एकदम तडतडायला लागले.

रुख्मिणीला आधी उमगलंच नाही. वरणाचं गंज तिनं चुलीवरून उतरवलं, आणि हात आपसूक पळीकडे गेला. पळी निखाऱ्यावर बसली, तेल पडलं, चिमूटभर मोहरी पडली. सहा वर्षं या चुलीपुढं बसून हाताला जे वळण पडलं होतं, त्या वळणानं तो गेला. तिला विचारायला थांबला नाही. तिचा जीव आत अडकला होता, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलेल्या दीड वर्षाच्या गोदीजवळ.

भान आलं तशी तिनं पळी उचलली आणि घाबरून शेजारच्या बादलीत बुडवली. पळी चर्रर्र करून अशी ओरडली, की तिच्या अंगावर काटा आला. पाण्यावर तेलाचे गोल गोल डोळे तरंगायला लागले. वास मात्र बुडवता येईना. तो आढ्यापर्यंत गेला, आतल्या खोलीत गेला.

सहा दिवसांमागं गोदीला फणफणून ताप आला होता. दुसऱ्या दिवशी पाठीवर देवीचे दाणे दिसले. रुख्मिणीच्या सासूनं, प्रयागबाईनं, लेकराचं झबलं वर करून पाहिलं, आणि झबलं खाली सोडून हात जोडले. "मातामाय आली," ती म्हणाली. बस्स, एवढंच. तेव्हापासून दाराला लिंबाचा डहाळा लागला. पथ्य म्हणून रुख्मिणीचा नवरा रामकिसन खळ्यावर निजायला गेला. बाहेरच्या माणसाला उंबरा बंद झाला. तिखटाचा डबा माळ्यावर चढला. घरात तेल तापायचं नाही, मिरची भाजायची नाही, फोडणी द्यायची नाही. मातामाय अंगानं गरम. तिला थंडावा लागतो. तिच्या नाकात फोडणीचा ठसका गेला तर ती खवळते, आणि खवळली की काय नेईल याचा नेम नसतो. डोळा नेईल, नाही तर लेकरूच नेईल.

"माय..." दारात सुंदर उभी होती. रुख्मिणीची थोरली, पाच वर्षांची. "तू फोडनी देल्ली?"

"हळू बोल."

"आजीनं सांगतलं होतं ना, नाई द्याची म्हनून?"

"हव. सांगतलं होतं." रुख्मिणीनं तिला जवळ ओढलं. "आजीले नोको सांगू, माये. माया हातानं चुकून झालं."

बोलली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. या पोरीला लपवायला तिनं आजवर कधी शिकवलं नव्हतं. सुंदरनं मान हलवली खरी, पण डोळे बादलीवरच ठेवले.

खरं तर या घराचं तिखट शिकता शिकता रुख्मिणीची दोन वर्षं गेली होती. तिचं माहेर शिरपूरचं. तिकडे चिमटीनं तिखट घालायचे, इकडे मुठीनं. लग्नानंतर तिनं पहिल्यांदा वांग्याची भाजी केली, तेव्हा सासऱ्यानं, मारोतरावांनी, घास तोंडात ठेवून चारचौघांत विचारलं होतं, "हे भाजी हाय का बायंतिनीचा काढा?" सारी पंगत हसली. ती चुलीमागं रडली. मग प्रयागबाईनंच तिचा हात धरून डब्यात घातला होता. "तुया मुठीनं नाई, माया मुठीनं घाल. अन् तेल तापू दे चांगलं. कच्च्या तेलात तिखट टाकलं त नुसतं जाळते, चव देत नाई."

हळूहळू तिला सारं जमलं. तेलात तिखट किती वेळ ठेवलं की लाल तर्री सुटते आणि किती वेळानं जळून काळं पडतं, हे ती वासावरून सांगायची. मारोतरावांना वरची तर्री वाढायची, बायांना मधली भाजी. सुंदरसाठी तळाच्या फोडी काढून ताकात बुडवायच्या आणि गुळाचा खडा हाताशी ठेवायचा. एका गंजातून तीन तोंडांची तीन तिखटं ती काढायची. सासरा आता चारचौघांत म्हणायचा, "आमच्या सुनेच्या हाताले चव हाय." आणि आज त्याच हातानं हे करून ठेवलं होतं.

दुपारी मारोतराव शेतातून आले. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. शेताच्या धुऱ्यावरची माती पायांना चटके देत होती. हातपाय धुऊन ते पाटावर बसले आणि त्यांनी नाक वर केलं.

"काहीतरी वास येऊन राह्यला व."

रुख्मिणीच्या हातातली भाकर ताटात पडली. "शेजारून आला असंन, मामाजी."

"कस्तुराबाईच्या घरून? ते बाई वरनाले पान्याची फोडनी देते. तिच्या घरचा वास तिच्या उंबऱ्याबाहेर कवा आला?" ते आपल्याच बोलण्यावर हसले. मग ताटातल्या पिवळ्या, नुसत्या मिठाच्या वरणाकडे पाहून त्यांचा चेहरा पडला. "पाच दिस झाले. बैलाले बी पेंड भेटते राजेहो. सकायी म्या तुले काय म्हनलं होतं? तोंडाले चव येईन असं काही कर म्हनलं होतं ना?"

"ताक देऊ?"

"दे. ताकावर ताक दे." दोन घास खाऊन ते थांबले. आवाज एकदम खाली आला. "पोट्टी कशी हाय?"

"निजली हाय."

"निजू दे. तिच्यासाठी वर्सभर असं खाईन मी. बोलाचं आपलं बोलतो."

तेवढ्यात प्रयागबाई आली. गावाबाहेरच्या मातामायच्या ठाण्यावर ती रोज ओलेत्यानं पाणी घालून यायची. लुगड्याचा काठ अजून ठिबकत होता. ती तशीच आत गेली, आणि आतून तिचा आवाज आला.

"रुख्मे! इकडे ये. हिचा डोया पाय."

गोदीचा उजवा डोळा सुजून बंद झाला होता. पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या. सकाळी तो डोळा उघडा होता. सकाळी त्या डोळ्यानं तिनं आईकडे पाहून हात पुढं केला होता. आता अंग तव्यासारखं होतं. रुख्मिणीनं तिला पदराखाली घेतलं. तोंडात दूध आलं, ओठांच्या कडेनं सांडलं. लेकरानं गिळलंच नाही.

वेशीजवळ राहणारी रुपाबाई रुख्मिणीच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. लहानपणी मातामाय येऊन तिच्या एका डोळ्याची पांढरी कवडी झालेली. आंधळ्या बाजूनं कोणी गेलं तर ती मान पूर्ण वळवायची, आणि पोरं तिला हसायची.

"सकायपासून घरात काही चुकलं का?" प्रयागबाईनं विचारलं. "कोनी भायेरचं आलं? कोनी काही खाल्लं?"

"मी त चारा खाऊन राह्यलो," मारोतराव बाहेरून म्हणाले.

"तुमाले नाई विचारलं."

रुख्मिणीनं मान वर केली नाही. कोपऱ्यात सुंदर बसली होती. ती आईकडे पाहत होती. माय सांगते का नाही, एवढंच पाहत होती.

सांगितलं तर काय होईल? सासू केस धरून माहेरी पाठवेल. गावभर होईल, की हिच्या हातानं लेकरू गेलं. आणि नाही सांगितलं तर? चूक कळली तर तिची माफी मागता येते, गाऱ्हाणं घालता येतं. दडवलेल्या चुकीला माफी कुठून मिळणार? तिनं लेकराच्या छातीवर कान ठेवला. धाप कोंबडीच्या पिलासारखी चालली होती.

"आत्याबाई, मी फोडनी देल्ली."

प्रयागबाईच्या हातातला लिंबाचा डहाळा गोदीच्या अंगावरून फिरता फिरता मध्येच थांबला.

"काय म्हनलं?"

"वरनाले. माया ध्यानातच नाई राह्यलं. हात गेला. मोहरी फुटली अन् मंग मी पयी पान्यात बुडवली. वरनात नाई पडली, आत्याबाई. कोनी खाल्ली नाई."

"मोहरी फुटली?"

"हव."

"आवाज आला?"

"आला."

"अवं, पाच दिस तुया कानात काय कापूस घातला होता का?" प्रयागबाई उठली तेव्हा तिचे गुडघे कडकडले. "रोज सांगून राह्यलो. उठता सांगतो, बसता सांगतो! तुया हाताले जीव हाय का तो बैल हाय, घाण्याले जुपलेला?"

मारोतराव दारात आले. "सकायी मीच तिले म्हनलं होतं, चवीचं काही कर म्हनून..."

"तुमची जीभ काढून त्या ठान्यावर ठेवतो एक दिवस! चूप बसा अन् पोट्टीजवय बसा." मग ती रुख्मिणीकडे वळली. "रडू नोको. रडाले येळ नाई. ते बादलीतलं पानी लिंबाच्या बुडाशी टाक. पयी राखेनं घास. चूल सारव. गार भात हाय ना? दही कालव त्यात. मीठ टाकू नोको. अन् डोक्यावरून पानी घेऊन ये."

ओल्या केसांनी, ओल्या लुगड्यानं, अनवाणी रुख्मिणी निघाली. पुढं सासू, हातात पाण्याची घागर. मागं दहीभाताची वाटी घेतलेली सुंदर. पांदणीतल्या वाटेवरची माती भट्टीसारखी तापली होती. पाय उचलून टाकावा तर दुसरा भाजायचा. रुख्मिणीला वाटलं, भाजू दे. जेवढं भाजेल तेवढं बरं.

पळसाखाली शेंदराचे पाच दगड, तेच ठाणं. प्रयागबाईनं घागर दगडांवर ओतली, दहीभात ठेवला आणि रुख्मिणीला खांद्याला धरून खाली वाकवलं. रुख्मिणीचे दात वाजत होते, एवढ्या उन्हात.

मग प्रयागबाईच बोलली. शेजारणीशी भांडावं तशी.

"पाय मातामाय, घर मायं हाय. चूलबी मायी. त्या चुलीवर जे झालं ते म्याच केलं असं धर. हे पोरगी बावीस वर्साची हाय, हिले काही समजत नाई. तुले डोयाच पाह्यजे त माया घे. दोन्ही घे. मले आता पाहून काय कराचं हाय? पन त्या लेकराच्या डोयाले हात लावू नोको."

रुख्मिणीनं वर पाहिलं. सासूच्या तोंडावर राग नव्हता. तिथं भीती होती. रुख्मिणीच्या भीतीहून जुनी, झिजून गुळगुळीत झालेली.

पळसाच्या सावलीत तिघी घडीभर बसल्या. रुख्मिणीनं सासूचे पाय धरले.

"सोड. पाय भाजले हायेत." मग दगडांकडे पाहतच प्रयागबाई म्हणाली, "मले रामकिसनच्या आधी एक होता. उत्तम. तुले कोनी सांगतलं नसंन."

"नाई."

"चार वर्साचा होता. त्यालेबी अशीच आली. म्या आठ दिस मोहरीचा दाना तापू देल्ला नाई. अवं, पयले दोन दिस त चूलच पेटवली नाई, धूर लागंन म्हनून. गार आंबील पिऊन राह्यलो सारे. कोनाशी मोठ्यानं बोललो नाई."

"मंग, आत्याबाई?"

"मंग काय. आठव्या दिसी गेला." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि घागर उचलली. "चाला. पोट्टी उठली असंन."

पुढचे दोन दिवस रुख्मिणीनं गोदीला मांडीवरून खाली ठेवलं नाही. लिंबाच्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून ती त्या पापण्या पुसत राहिली. प्रयागबाई चुलीपुढं बसली. बिनतिखटाचं वरण शिजवून तिनं मारोतरावांपुढं ठेवलं की ते मुकाट्यानं जेवायचे. तोंडाला चव मागेनात. रामकिसन अंगणाच्या पलीकडून विचारायचा, "कसं हाय?" आणि रुख्मिणी "हाय," एवढंच म्हणायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पापणी पुसली आणि ती सुटली. आत लाल, पाणावलेलं. पण लालात काळं बुबूळ होतं, आणि ते हललं. दारातल्या उजेडाकडे गेलं, मग आईच्या कुंकवावर आलं. गोदीनं ओठ मुडपले, भोकाड पसरलं आणि मग ती दूध ओढायला लागली. जोरानं, भुकेल्या वासरासारखी.

"आत्याबाई! आत्याबाई, उघडला व!"

प्रयागबाई ओल्या हातांनी धावत आली. पाहिलं, हात जोडले. तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. बाहेर मारोतराव उगाचच बैलाला ओरडायला लागले.

रडू आवरल्यावर प्रयागबाई पाणी घालायला ठाण्यावर गेली. घरात लेकराच्या गिळण्याचा आवाज तेवढा राहिला. रुख्मिणी तो ऐकत बसली. सुंदर येऊन तिच्या पाठीला टेकली आणि गोदीच्या पायावरचे सुकत आलेले दाणे न शिवता, हवेतल्या हवेत बोटानं मोजायला लागली. मोजता मोजता थांबली.

"माय, तू फोडनी देल्ली तरी गोदीचा डोया उघडला ना?"

"उघडला, माये. मातामायनं माफ केलं."

सुंदरनं आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"अन् आजीनं त देल्लीच नोती. मंग तिच्या उत्तमले काहून नेलं?"