सात खिंडींपलीकडचा समुद्र

पितर घरी येतात त्या ओबोनच्या सुट्टीत बहिणीला समुद्र दाखवायचाच, असं तेप्पेई हामावाकीने ठरवून टाकलं होतं. खरा समुद्र त्यांच्या ताकामात्सूच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर होता, पण तो या कामाचा नव्हता. हवा होता तो 'सात खिंडी' या जुन्या गेममधला, त्या जगाच्या पार टोकाचा. कोतोए चौदा वर्षांची असताना शेवटच्या खिंडीपर्यंत पोचली होती. नव्व्याण्णव तास खेळून. दुसऱ्या दिवशी तिचा सगळा खेळ मेमरी कार्डावरून नाहीसा झाला. कार्ड बिघडलं, असं घरात सगळे म्हणाले. दहा वर्षांचा तेप्पेई सगळ्यांत मोठ्यांदा म्हणाला, कारण आपल्या बेसबॉलच्या गेमला जागा करायला त्यानेच तो पुसला होता.

अठ्ठावीस वर्षं ही गोष्ट त्याला आतून टोचत होती. यंदा आईने कपाट आवरताना ते गेमचं जुनं यंत्र बाहेर काढलं, आणि कोतोए सेंदाईहून आलेलीच होती. सोळा तारखेला तीनच्या गाडीने ती परतणार. त्याआधी समुद्र गाठायचा, आणि तिथे पोचल्यावर तिला खरं सांगून मोकळं व्हायचं, असा त्याचा बेत होता.

बेतात खोट नव्हती, खेळाडूत होती. तेप्पेई स्वतःला मोठा मुरलेला खेळाडू समजायचा. पण तो खेळायचा त्या नव्या गेममध्ये जमिनीवर सोनेरी रेघ उमटते, तिच्यामागून चालत गेलं की झालं. कोणी बोलायला लागलं की बटण दाबून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढे सटकायचं. 'सात खिंडी'त रेघ नव्हती, नकाशाही नव्हता. वाट माणसं सांगायची, तीही एकदाच.

पहिल्याच गावात एक म्हातारा बोलायला लागला. तेप्पेईने सवयीने बटण दाबलं. पुन्हा विचारलं तेव्हा म्हातारा म्हणाला, "सांगितलं की."

त्या दिवशी तेप्पेईने एकाच टेकडीला चौदा प्रदक्षिणा घातल्या. मग एका मेंढ्याने त्याला शिंग मारून ठार केलं. गेममधल्या धर्मशाळेत झोपल्याशिवाय खेळ सेव्ह होत नाही, हे तो साफ विसरला होता. सगळी दुपार पाण्यात गेली.

देवघराशी बसून आई काकडीला काड्यांचे पाय लावत होती. पितर त्या घोड्यावर बसून येतात. ती म्हणाली, "माझा हा काकडीचा घोडा बघ. पितरांना दरवर्षी बरोबर घरी आणतो. तुला गेममध्ये खरा घोडा दिलाय तरी तू टेकडीभोवतीच."

"घोडा पळाला गं," तेप्पेई पुटपुटला.

"पळणारच. त्याला कळलं असेल, मालक कसला आहे ते."

दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने कोतोएला शरण गेला. "ताई, जरा शेजारी बसतेस?"

कोतोए बार्लीचा थंड चहा घेऊन आली आणि देवळाच्या पत्रकाची कोरी बाजू पुढ्यात घेऊन बसली. "पहिलं काम, बटणावरून अंगठा काढ."

"काढला."

"लांब ने. मांडीखाली ठेव. आता म्हाताऱ्याला बोलू दे."

म्हातारा बोलला. फुटक्या घंटेपासून उगवतीला जा, तीन पाइनची झाडं मागे टाक, ओढा उजव्या हाताला ठेव. कोतोएने लिहून घेतलं. तेप्पेईला ते बोलणं फारच लांबलं असं वाटलं, पण ओढा खरोखरच उजव्या हाताला आला तेव्हा त्याला इतका आनंद झाला की त्याने चहा सांडला. संध्याकाळपर्यंत चार खिंडी झाल्या, तिसऱ्या दिवशी आणखी दोन. कोतोए हसत होती, त्याला बावळट म्हणत होती. फार वर्षांत ती अशी त्याच्याजवळ बसली नव्हती, आणि त्याला फार बरं वाटत होतं.

सोळा तारखेला दुपारची जेवणं आटोपली. कोतोए बॅग भरता भरता पडद्याकडे बघत होती. सातवी खिंड संपली आणि समोर समुद्र पसरला. ठोकळ्याठोकळ्यांचा, निळा, जरासा थरथरणारा. तिने हातातले कपडे खाली ठेवले.

"इथे एक कोळी असतो म्हणे," ती हळूच म्हणाली. "तो काय सांगतो ते ऐकायचं राहिलं होतं माझं."

होडीशी कोळी उभा होता. तेप्पेईचा ऊर भरून आला. आता कोळी बोलेल, मग मी बोलेन, असं मनाशी म्हणत तो पुढे झाला. कोळ्याने तोंड उघडलं, आणि तेप्पेईच्या अंगठ्याने बटण दाबलं.

अक्षरं चमकली आणि गेली. कोळ्याने त्याला होडीत झोपवलं, आणि झोपताक्षणी खेळ सेव्ह झाला. उठून त्याने पुन्हा विचारलं.

"सांगितलं की," कोळी म्हणाला.

"ताई," तेप्पेई चाचरत म्हणाला, "तेव्हा ते कार्ड—"

"पुसून टाक," कोतोएने बॅगेची चेन ओढली. "आणि पहिल्यापासून सुरू कर. पुसण्यात तुझा हात बसलेलाच आहे."

"तुला माहीत होतं?"

"कार्ड बिघडलं, मग त्यावर तुझं बेसबॉल कसं चालत होतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू सहा महिने रोज तुझं पुडिंग मला देत होतास. म्हटलं, चालू दे." ती उठली. "नववर्षाला येईन. तोवर सातव्या खिंडीपर्यंत आणून ठेव. पुढे पाऊल टाकलंस तर बघ."

तिला स्टेशनवर सोडून तो घरी आला. खेळ पुसला, या वेळी हिमतीने, आई बघत असताना. पहिल्या गावातला म्हातारा बोलायला लागला. तेप्पेईने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं.