खिरापतीचं खोकं

विद्याधरांनी पाटावरच्या हत्तीच्या सोंडेला शेवटचं वळण दिलं, बोटांची रांगोळी रुमालाला पुसली आणि पाट हळूच मंडळाच्या हॉलच्या मध्यावर सरकवला. हत्ती दरवर्षीप्रमाणे थोडा म्हशीकडे झुकला होता. एरवी यावरून यशश्रीने त्यांना सोडलं नसतं. आज ती, त्यांची दहावीतली नात, मैत्रिणींच्या कानात काहीतरी सांगत फिरत होती आणि आजोबांकडे तिची पाठ होती.

"हत्ती जमलाय का गं?" त्यांनी विचारलं.

"छान आहे, आबा," ती न वळताच म्हणाली.

गेला आठवडाभर ती असंच बोलत होती. विचारलं तेवढंच, तेही गोड. कडाडून भांडली असती तर विद्याधरांना निदान रात्री झोप लागली असती.

दाराशी दुसरा हत्ती उभा होता. पुठ्ठ्याचा, माणसाएवढा, एक डोळा मिचकावणारा, सोंडेत वेफर्सचं पाकीट धरलेला. त्याच्या पायाशी सोनेरी कागदात गुंडाळलेलं मोठं खोकं होतं. खोक्यावर नाव नव्हतं, पण आत काय आहे हे अख्ख्या बंगळूरला ठाऊक होतं. तेच पाकीट बसच्या पाठीवर होतं, मेट्रोच्या खांबांवर होतं, आणि आता भोंडल्याला आलं होतं.

ते आलं होतं विद्याधरांच्या तोंडून.

झालं असं की, श्रावणात एका दुपारी अनुषा नावाची मुलगी मंडळाच्या वाचनालयात आली. महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत जाहिरातीचं काम करते म्हणाली. मराठी लोक नवरात्रात काय करतात, ते तिला समजून घ्यायचं होतं. विद्याधर रिटायर झाल्यापासून ते वाचनालय सांभाळत. तिथे येणारे लोक त्यांना पंखा कुठल्या बटणावर लागतो याखेरीज काही विचारत नसत. त्यांनी तिला चहा पाजला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत भोंडला सांगितला. मधे हत्ती मांडतात, मुली भोवती फेर धरतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापत. ती झाकून आणायची. डबा वाजवायचा आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. ओळखेपर्यंत डबा उघडायचा नाही. मुलींनी हात टेकले, 'हरलो' म्हटलं, तरच.

अनुषाचं पेन थांबलं होतं. तिचे डोळे चमकले होते. ती चमक पाहून विद्याधरांना वाटलं होतं, पोरीला गोडी लागली.

पुढे कंपनीचा प्रस्ताव आला तेव्हा त्या चमकेचा अर्थ कळला. भोंडल्याचा सगळा खर्च कंपनी करणार, खिरापत फक्त कंपनीची, आणि शेवटी सगळी मुलं एका आवाजात पाकिटाचं नाव ओरडतील त्याची फिल्म होणार. ती फिल्म मग शाळाशाळांतून दाखवणार.

यशश्री आणि तिच्या मैत्रिणी वर्षभर नेमक्या याच गोष्टीच्या मागे लागल्या होत्या. शाळेसमोरचा कोल्ड्रिंकचा फलक त्यांनी हेडमिस्ट्रेसच्या मागे लागून उतरवला होता. कँटीनमध्ये उसळ आणि मजिगे, म्हणजे ताक, सुरू करवलं होतं. सोसायट्यांच्या गच्च्यांवर आईबापांना गोळा करून, कंपन्या कार्टूनच्या आणि खेळण्यांच्या वाटेने पोरांच्या तोंडात कशा शिरतात, ते समजावलं होतं. आणि इथे आपलं मंडळ, आपला भोंडला, आणि माहिती पुरवणारे आपलेच आबा.

ती कमिटीपुढे गेली. अध्यक्ष हंबीरराव मूळचे निपाणीचे, यशवंतपूरच्या बाजारात गुळाचे व्यापारी, दिलदार माणूस आणि माइक न लागणारा आवाज. यशश्रीने त्यांना सरळ विचारलं होतं, काका, वखार तुमची गुळाची आणि खिरापत वेफर्सची कशी? सगळे हसले, हंबीरराव सर्वांत जास्त. मग म्हणाले, पोरी, हॉलचं भाडं, स्पीकर, मांडव सगळं ते देतायत, स्वल्प सांभाळून घे. पूर्वीसारखी घरोघरची खिरापत पुढच्या वर्षी आणू. मग ते विद्याधरांकडे वळले. अण्णा, तुमचं काय मत?

विद्याधरांनी रिक्षात बसून चार वाक्यं पाठ केली होती. त्यांनी चष्मा नीट केला, घोटभर पाणी प्याले आणि म्हणाले, "बघू या."

यशश्रीने तेव्हा त्यांच्याकडे एकदा पाहिलं होतं. ते पाहणं विद्याधरांना अजून खात होतं.

फेर सुरू झाला. गाणी झाली, टाळ्या झाल्या. कॅमेरावाला मुलींच्या मागेमागे फिरत होता. अनुषा खास काठाची साडी नेसून आली होती आणि सारखी मोबाइलकडे बघत होती. विद्याधर वाचनालयाच्या दाराशी इतर पुरुषांबरोबर उभे राहिले. भोंडल्यात पुरुषांचं काम हत्ती काढण्याचं आणि मागाहून खाण्याचं.

शेवटचं गाणं संपलं, तशा महानंदाक्का खोक्यापाशी येऊन बसल्या. हंबीररावांच्या या पत्नी. खिरापतीचा डबा सांभाळण्याचा मान त्यांचा, आणि त्यात त्या देवालाही सूट देणाऱ्या नव्हत्या. त्यांनी खोकं उचलून हलवलं. आत सळसळ झाली.

"ओळखा," त्या म्हणाल्या.

कॅमेरा मुलींच्या चेहऱ्यांवर आला.

"कापण्या," संहिता म्हणाली. ती यशश्रीची जिवलग मैत्रीण.

"नाहीत."

"खोबऱ्याची वडी?"

"नाही."

"उकडलेल्या शेंगा."

"त्या अशा वाजतात होय? नाही."

मग राजगिऱ्याचे लाडू झाले, कोसंबरी झाली, डाळिंबाचे दाणे झाले. विद्याधरांना आधी वाटलं, कॅमेऱ्यापुढे पोरी बुजल्या. पण बुजलेल्या पोरी इतक्या गंभीर नसतात. एवढं मोठं सोनेरी खोकं समोर, आणि एकही मुलगी त्याच्याकडे बघत नव्हती. एक चारेक वर्षांची चिमुरडी मात्र आनंदाने उडी मारून म्हणाली, "मला माहितीये, त्यात ना—" आणि तिच्या ताईने तिला इतक्या प्रेमाने मिठीत घेतलं की पुढचं सगळं फ्रॉकात गेलं.

तेव्हा विद्याधरांच्या ध्यानात आलं. ओळखेपर्यंत डबा उघडत नाही. हे त्यांनी अनुषाला ज्या अभिमानाने सांगितलं होतं, त्याच अभिमानाने कधीतरी नातीलाही सांगितलं असणार.

अनुषाने हसून खूण देऊन पाहिली. पिवळं पाकीट, कुरुमकुरुम आवाज.

"चुरमुरे," एक मुलगी म्हणाली.

"पिवळं म्हणजे ढोकळा," दुसरी म्हणाली.

खुर्च्यांवर बसलेल्या बायकांनाही आता चेव आला. एकीने सांजोऱ्या म्हटलं, एकीने मेतकूट-पोहे. कोल्हापूरकडची एक सासूबाई चोंगे म्हणाली, तर चोंगे म्हणजे काय, म्हणून तिची सूनच विचारू लागली. अक्का प्रत्येकीला त्याच गांभीर्याने "नाही" म्हणत होत्या. हंबीरराव मात्र चुळबुळू लागले होते.

"अगं, उघड की आता. आत काय आहे ते आंधळ्यालाही दिसतंय."

"ओळखलं का कुणी?" अक्का म्हणाल्या. "मग कशी उघडू? असलं तुमच्या वखारीत चालत असेल."

हॉल हसला. हसणं ओसरलं आणि त्याबरोबर नावंही ओसरली. संहिता पुन्हा कापण्या म्हणाली, तर ते होऊन गेलंय, असं अक्कांनी सांगितलं. लहान मुलींना भूक लागली होती; त्यांच्या नजरा आता खोक्याकडे वळू लागल्या. यशश्री एकेकीकडे बघत होती. तिला स्वतःलाच काही सुचत नव्हतं. शाळा, क्लास आणि मोहीम यांत वाढलेली पोर ती, तिला पदार्थ आठवून आठवून किती आठवणार?

"हरलात का?" अक्कांनी विचारलं. न्यायाला न्याय.

अनुषाने कॅमेरावाल्याला हात केला. 'हरलो' म्हणायला यशश्रीचे ओठ हलले.

"दिंडं."

आवाज इतका बारीक होता की तो आपलाच, हे विद्याधरांनाही क्षणभर कळलं नाही. मग सगळा हॉल त्यांच्याकडे वळला तेव्हा कळलं. कान तापले. मागे वाचनालयाचं दार उघडं होतं, आणि आत जाणं अगदी सोपं होतं.

"पुरणाची दिंडं," ते पुन्हा म्हणाले, या वेळी जरा मोठ्याने.

"अण्णा, तुम्ही?" हंबीरराव म्हणाले.

पुरुषाने खिरापत ओळखायची पद्धत नाही. अक्कांनी मान तिरकी करून विचार केला. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर खिळल्या.

"नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "दिंडं नाहीत."

म्हणजे पुरुषाचं ओळखणंही खेळात धरलं होतं. दाराशी उभ्या पुरुषांमध्ये खसखस पिकली आणि मागून कुणीतरी धीर करून "धपाटी" म्हणालं. विद्याधर "निनाव" म्हणाले, मग "सातकापी घावन", आणि मग दोन्हीकडून नुसता पाऊस सुरू झाला. आपापल्या गावची, आपापल्या आईची खिरापत प्रत्येकाला एकदम आठवू लागली होती, आणि अक्कांचा "नाही" म्हणता म्हणता घसा बसायला आला.

हंबीररावांनी अनुषाला गाठलं. मॅडम, खोकं तुमचं, आता तुम्हीच एकदाचं सांगून टाका, म्हणाले. अक्कांचीही हरकत नव्हती. फेरात येईल तिने ओळखावं.

अनुषा फेरात आली. तिच्या हातातला मोबाइल थरथरत होता. पलीकडे ऑफिस असावं. तिने तो बंद केला नाही, घेतलाही नाही. तिला फक्त एक शब्द बोलायचा होता. यशश्री तिच्यासमोर उभी होती. तिने विनवलं नाही, डोळेही वटारले नाहीत. नुसती सरकली आणि तिला जागा करून दिली.

अक्कांनी खोकं उचललं आणि लहान मुलीच्या कानाशी धरावं तसं अनुषाच्या कानाशी धरून हलवलं.

"ओळख, बाई."

अनुषाने डोळे मिटून ऐकलं.

"तंबिट्टू," ती म्हणाली.

जुन्या बायकांमध्ये कुजबुज झाली. भाजक्या तांदळाच्या पिठाचे, गुळातले लाडू ते. इथल्या देवीच्या जत्रेला घरोघर होतात. महानंदाक्कांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि कानडीत विचारलं,

"कुठली गं तू?"

"होसकोटे, अक्का."

"तीळ घालता का त्यात?"

"स्वल्प," अनुषा म्हणाली. "अज्जी जास्त घालायची."

अक्कांनी मान डोलावली. मग त्यांना आपलं काम आठवलं आणि त्यांनी खोकं पुन्हा मांडीवर घेतलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तंबिट्टू नाही. पुढची."

कॅमेरावाला अनुषाकडे बघत होता. ती फेरातच उभी राहिली, लहानग्या चिमुरडीच्या शेजारी.

विद्याधर खांबाला टेकले. गर्दीतून वाट काढत यशश्री त्यांच्यापाशी आली आणि त्यांच्या दंडाला खांदा लावून उभी राहिली. नजर अक्कांकडेच होती.

"आबा," ती हळूच म्हणाली, "अजून काही आठवतंय का?"

"आठवतंय की," विद्याधर म्हणाले. "थांब जरा."